पाथ ठेवलीस, हाक मारली नाहीस

खोमेश, फसवलंस तू आणि फसलो मी. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. तुला जाऊन सतरा दिवस झालेत आणि जो उठतो तो तुझ्याबद्दल गोड लिहितो आहे. त्या गोडात माझं म्हणणं विरघळून गेलं, तर नंतर कोणी विचारायला येणार नाही. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण असताना तू भांडायला उभा तरी कुठं राहिलास? 'बरं टेकूभाऊ' म्हणायचास आणि आपलं तेच करायचास.

काल कोणी तरी मोबाइलवर एक लेख पाठवला. लिहिणारा मुंबईचा. त्यात तू 'धानाच्या मुलखातला एकांडा आवाज' आहेस. एकांडा! कोंडा हा तीन माणसांचा बँड होता. गिटार आणि गाणं तुझं, ड्रम डिलेश्वरचे आणि जाड तारांचा बास माझा, म्हणजे टेकचंदचा, फुलचूरला राइस मिलचे पट्टे आणि बेअरिंग विकणाऱ्याचा. लेखात डिलेश्वरचं नाव एकदा आलं आहे. माझं आलेलंच नाही. 'सुरुवातीच्या काळातील एक सहकारी' असं आहे, तो मी. आठ वर्षं एकत्र वाजवलं. आठ वर्षांची सुरुवात कोणाची असते रे?

मी तुझ्यावर जळतो. दुकानात गिऱ्हाइकासमोर मी पोटातलं ओठावर येऊ देत नाही, पण हे लपवण्यात अर्थ नाही, तुला ते ठाऊकच होतं. तुझ्या गळ्यावर नाही जळलो. गळा तुझा साधाच होता, वरच्या पट्टीत फाटायचा. मी जळलो तुझ्या उभं राहण्यावर. पुणं असो की बंगळुरू, तू माइकसमोर जाऊन खांबासारखा उभा राहायचास, एक हात माइकच्या दांड्यावर, आणि पूर्ण कार्यक्रमात हलायचा नाहीस. मी इकडं उड्या मारायचो, घामानं शर्ट अंगाला चिकटायचा, बासचा पट्टा खांदा कापायचा. आणि लोक बघायचे कोणाकडे? न हलणाऱ्याकडे. कार्यक्रम संपला की पोरी-पोरं तुझ्याभोवती, 'क्या स्टिलनेस है भैया'. मी वायर गुंडाळत असायचो. एकदा मीही न हलता वाजवून पाहिलं. डिलेश्वर नंतर म्हणाला, "टेकूभाऊ, आज तब्येत बरी नोती का तुमची?"

आता सुरुवातीपासून सांगतो, कारण सुरुवात माझी आहे.

तू नागपूरच्या हॉस्टेलातून परत आलास तेव्हा मेमरी कार्डावर गाणी घेऊन आला होतास. आपण एकाच गावचे, गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातले. तुझे वडील शाळामास्तर आणि माझी माय दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाणारी. मी तेव्हा मिलमध्ये पट्टे शिवायचो. तू मला मिलच्या ओट्यावर बसवून इयरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलंस आणि म्हणालास, "हे ऐक, याले पोस्ट-पंक म्हणतात. पंकच्या नंतरचं."

मी म्हणालो, "आपल्याकडं पंक कवा येऊन गेलं बे? नंतरचं डायरेक्ट आलं?"

तू हसलास. पण मला ते आवडलं होतं, आणि का आवडलं तेही मी सांगितलं होतं. त्या गाण्यांत बास मागं लपत नव्हता. तो पुढं चालायचा, गिटार त्याच्यावर खरवडल्यासारखी यायची, आणि ड्रम मशीनसारखा एकाच चालीत. मी म्हणालो, हे तर आपलं मिल आहे. तुला पटेना, म्हणून तुला आत नेलं. पट्ट्याला एक जोड असतो. पट्टा फिरताना तो जोड पुलीवरून गेला की थप्प असा आवाज येतो. प्रत्येक फेऱ्याला एकदा, दिवसभर. मी दहा वर्षं तो आवाज ऐकत होतो. जोड सैल झाला की थप्प बदलते आणि मी न बघता सांगतो, आज हा पट्टा तुटणार. ती थप्प मी तुला बोटांनी फळीवर वाजवून दाखवली, मध्ये तीन सूर भरून. तेच 'पट्टा'. आपलं पहिलं गाणं. आज जे लिहितात की खोमेशनं गिरणीच्या आवाजातून संगीत काढलं, त्यांना सांग, खोमेशला गिरणीत हाताला धरून नेलं होतं.

बास मी गोंदियातल्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणला. मालक सोडेना. तीन दिवस रोज जाऊन बसलो, चहा त्याचाच प्यायलो, शेवटी तोच कंटाळून म्हणाला, "ले जा बाबा, मगर कल से मत आ." तालमीची जागा मी मिळवली: मिलचे पट्टे मी फुकट बघीन, त्याबदल्यात दुपारच्या सुट्टीत एक तास खोली आमची. डिलेश्वरला मी आणला, शेजारच्या गावच्या दंडारीच्या नाटमंडळीतून. ढोलकी सोडून ड्रमवर बसायला तयार नव्हता. त्याच्या बायकोला मी राजी केलं, त्याला नाही. तू काय आणलंस? शब्द आणलेस. बरं, शब्द चांगले होते. ओल्या धानावर झोपलेल्या हमालाचं गाणं मी तुला परत म्हणायला लावलं होतं. ते तुझं देणं मी नाकारत नाही.

आणि सूर? तोही माझाच. तालमीच्या पहिल्याच आठवड्यात तुझ्या मोबाइलची बॅटरी संपली, सूर लावायचं ॲप त्यातच. तू म्हणालास, आज जाऊ द्या. मी म्हणालो, कायले? दुपारी सगळे पट्टे थांबायचे, पण भिंतीवरच्या विजेच्या पॅनलचा 'घूंऽऽ' कधी थांबत नसे. म्हटलं, त्याले लाव. त्याच्या घूंला माझी तार मिळवली, माझ्या तारेला तुझी. पुढं तीच सवय पडली, कोणी ॲप उघडलंच नाही. वर्षभरानं नागपूरच्या कॉलेजात दुसऱ्या बँडचा पोरगा आपल्याबरोबर वाजवायला आला आणि काही केल्या जमेना. साउंडवाला तपासून हसायला लागला. "तुम लोग पूरी दुनिया से अलग सुर में हो भाई. मगर आपस में एकदम बराबर हो." सगळं जग एका सुरात, आणि आपण तिघं गोरेगावच्या पॅनलच्या सुरात, थोडे चढे. मला लाज वाटली. मी म्हणालो, आता बरोबर करून घेऊ. तू म्हणालास, "नको टेकूभाऊ. राहू दे." पुढं पुण्याच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला गेलो तेव्हा तू सगळ्यात आधी फ्यूजबोर्डाला कान लावलास. तिथला माणूस बघतच राहिला. तू त्याला समजावलंस, "वीज तीच असते, गोंदियाची असो की पुण्याची." तो खूश झाला. मुलाखतीत ते छापून आलं: खोमेशची स्वरकल्पना. चुकीची कल्पना माझी होती, ती बरोबर आहे हे कळायची अक्कल तुझी. अर्धं अर्धं तरी म्हणायचं होतंस.

एकदा म्हणाला होतास. तेवढं एकदाच, आणि मी ते विसरलो नाही.

पहिला कार्यक्रम, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत. दुपारची वेळ, फुगेवाले, जिलेबीची कढई, दंडारीच्या तयारीतली मंडळी. कमिटीचा अध्यक्ष अर्धा तास द्यायला तयार नव्हता. मी त्याला म्हणालो, दंडार रंगायला आधी लोक जमले पाहिजेत, आमच्या आवाजानं जमतील. जमले. पहिलं गाणं संपलं आणि टाळी एक नाही. समोर तीनेकशे माणसं मांडी घालून गप्प. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, आणि ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं, "मशीन बिघडली वाटते व बाई."

मग आपण 'पट्टा' सुरू केलं. आपली पद्धत ठरलेली: आधी डिलेश्वरच्या काठ्यांची टकटक, त्यावर चार फेरे एकटा बास, मग तुम्ही दोघं. माझे दोन फेरे झाले असतील, तेवढ्यात मागून मिलचा एक जुना हमाल उठून उभा राहिला आणि ओरडला, "आबे, हा त आपल्या मिलचा पट्टा होय!" हसण्याची लाटच आली. दुसरा ओरडला, "जोड सैल हाये बे, पाहून घे!" आणि ते हसणं संपलं तेव्हा सगळे ऐकत होते, माना हलत होत्या. शेवटी कोणी तरी विचारलं, कोणाचं गाणं आहे. तू माइकजवळ वाकून म्हणालास, "टेकूभाऊचं." त्या दिवशी तू मला जे दिलंस ते पुढच्या सात वर्षांत परत परत मागत राहिलो. मागून मिळत नाही अशी वस्तू माझ्या धंद्यात नसते, म्हणून मला ते समजलं नाही.

आता तू फसवलंस कुठं, ते सांगतो.

कार्यक्रम ठरवायचं काम माझं. समोरच्याशी मी दोन दोन तास ओढाताण करायचो: पोस्टरवर नाव किती मोठं, आपण कोणाच्या आधी वाजवायचं, जेवण कोणाकडं. तुझ्या मागण्या तीनच असायच्या. खोली खालच्या मजल्यावर. गरम पाणी. आणि एसी नको. मी डिलेश्वरला म्हणायचो, आपला हिरो बघ, मास्तरचा पोरगा, नखरे बघ. तरी प्रत्येक वेळी मिळवून द्यायचो. एकदा बंगळुरूला खालची खोली नव्हती, तेव्हा मी मॅनेजरशी इतका भांडलो की त्यानं स्टोअररूम रिकामी करून दिली. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मला वाटलं, आभार मानतो आहे. आता वाटतं, आधार घेत होतास.

मग ती हिवाळ्याची ट्रिप. उत्तरेकडची सहा शहरं, मी चार महिने फोन करून जुळवलेली. तशी संधी आपल्यासारख्या बँडला कोणी देत नव्हतं. गोरेगावच्या एसटी स्टँडवर तुला सांगितलं. हातात आलुबोंड्याचा कागद होता, तो तू घडी घालत बसलास.

"थंडीत नाई येत मी, टेकूभाऊ."

"काऊन? थंडी वाजते का हिरोले?"

"हो. वाजते."

एवढंच. मला वाटलं, तू माझी थट्टा करतो आहेस. मला वाटलं, मुंबईच्या कुठल्या तरी रेकॉर्ड कंपनीनं तुला एकट्याला बोलावलं आहे आणि तू माझ्यापासून लपवतो आहेस. माझं डोकं फिरलं. स्टँडवरच्या सगळ्या लोकांसमोर मी म्हणालो, "तुयासारखे गानारे मंडईत ढिगानं भेटतात."

तू कागद खिशात घातलास. "भेटतात," म्हणालास. "तुयासारखा बास वाजवनारा नाई भेटत."

मी ते टोमणा म्हणून घेतलं. तुझा आवाज तसा सपाटच असायचा, त्यात काय ओळखायचं? बेअरिंग गेलं की नाही हे मी त्याला पेचकस लावून, दुसरं टोक कानाशी धरून सांगतो. तुझ्यावर कुठं लावायचा होता पेचकस? मी मोटरसायकलला किक मारून निघून आलो. त्यानंतर तीन वर्षं आपण बोललो नाही. माझ्या दुकानापासून तुझ्या घरापर्यंत चौदा किलोमीटरचं अंतर.

तिसरं रेकॉर्ड तुम्ही दोघांनी केलं. नाव 'रोवणी'. त्यात बास नाही, हे मला गिऱ्हाइकानं सांगितलं. पुढं छापून आलं की बास काढून टाकण्याचं धाडस, मधली पोकळी, काय काय. मी ऐकलं नाही. म्हटलं, आठ वर्षांचा माणूस यानं कापून टाकला आणि लोक त्या कापल्या जागेला टाळ्या वाजवतात. मला काढून टाकण्यातसुद्धा कौतुक तुझंच झालं! त्या वर्षी दुकानात एवढं भांडलो की दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली.

एकदा बाजाराच्या दिवशी तू दिसलास. भाजीवालीच्या पोत्यावर बसला होतास, पाय लांब करून. मी मनात म्हणालो, आता बाजारातही बसायला लागतं का साहेबाला? आणि वळलो. तू मला पाहिलंस, हे मला माहीत आहे. हात थोडासा वर उचलला होतास. माशी हाकलत असशील असं मी ठरवलं.

मग ती बातमी. घाटावर पोहोचलो तेव्हा चारी बाजूंना बांध्यांत रोवणी चालली होती. तुझी आई बायकांना धरून रडत होती, आणि त्या रडण्यात एक वाक्य परत परत येत होतं: "लहानपणापासून हाडं दुखत व माया लेकराचे." मला आधी कळलंच नाही. मग कोणी तरी बाजूला म्हणालं, सिकलसेल, जन्माचं रक्तातलं दुखणं. आमच्या भागात हा शब्द कोणाला नवा नाही. थंडीनं कळ उठते, दगदगीनं उठते, पायऱ्या चढवत नाहीत, कमरेचं हाड झिजतं, माणूस एका जागी खांबासारखा उभा राहतो कारण हलला तर कळ येते. खोमेश, मी तिथं उभ्या उभ्या तुझी एकेक मागणी आठवत होतो. खालची खोली. गरम पाणी. मी आठ वर्षं तुझ्या दुखण्यावर जळत होतो. जळायलाही तू मला खरी वस्तू दिली नाहीस.

तेरवीला डिलेश्वर पंगतीत वरण वाढत होता. हात धुतल्यावर त्याला तुमच्या घराच्या मागं नेलं.

"तुले मालूम होतं?"

"होतं."

"कवापासून?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मंडईच्या आंधीपासून."

"म्हनजे पयलेपासून. आन मले काऊन नाई सांगतलं बे?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हने, टेकूभाऊले सांगशीन त तो बँडच बंद करून टाकन. डॉक्टरसंगं सौदा करत बसन. मले पेशंट बनवून घरी बसवन. तिथं मी मास्तरचा बिमार पोरगा हावो, म्हने, आन टेकूभाऊच्या बाजूले उभा रायलो की गानारा हावो."

ते खरं आहे. मी बंद केलं असतं, त्याच दिवशी, सगळ्या वायरी गुंडाळून. पण तरीही, खोमेश, दंडारीतून मी आणलेला माणूस तुझ्या हाडांची कळ जाणत होता, तुला रक्त चढताना तुझ्या खाटेशी बसत होता, आणि मी बाहेर तुझ्यासाठी पोस्टरवरच्या अक्षरांच्या आकारावर भांडत होतो. मुंबईच्या लिहिणाऱ्यावर मी जेवढा जळलो नाही तेवढा त्या क्षणी डिलेश्वरवर जळलो. त्याच्या हाताला वरणाचा वास येत होता आणि मला तो हात मुरगळावासा वाटला.

मी म्हणालो, "आन माया बास कापला तो? तोही शपथेत होता का?"

डिलेश्वरनं वर पाहिलं. "कापला नाई, टेकूभाऊ. पुन्याचा एक पोरगा आला होता वाजवाले, चांगला वाजवे. खोमेशनं हात नाई लावू देल्ला. म्हने, थे पाथ टेकूभाऊची हाये."

हे जे वाचत आहेत त्यांच्यातल्या शहरी माणसांना सांगावं लागेल. रोवणीला बाया एका ओळीत उभ्या राहतात. प्रत्येकीला मागं सरकत जायला एक पट्टी असते, ती तिची पाथ. आमच्या गावचा नियम असा की जिची पाथ तिनंच भरायची. कोणी आली नाही तर शेजारीण तिच्या पाथीत पऱ्ह्याची रोपं लावत नाही. ती पट्टी तशीच मोकळी राहते, हिरव्याच्या मधोमध नुसतं पाणी. त्यात मान आहे: तुझी जागा तुझी, ये आणि भर. त्यात अपमानही तेवढाच आहे: रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण बघतो की कोण आली नाही. माझी माय टोळीची मुखीण होती. एकदा तापानं पडली तेव्हा तिची पाथ दोन दिवस मोकळी राहिली, तिसऱ्या दिवशी ताप अंगात घेऊन ती जाऊन भरून आली.

म्हणून तेरवीहून आल्यावर मी पहिल्यांदा 'रोवणी' लावलं. दुपारी, शटर अर्धं ओढून. बास काढला, मोबाइलवर सूर लावला, आणि पहिल्या गाण्यालाच ठेच लागली. जुळेना. थोडा खाली. मग हसू आलं, आणि ते हसू नीट आलं नाही. उठलो, माझ्या दुकानातल्या मीटरबोर्डाला कान लावला, घूंऽऽ ऐकलं, तार चढवली. बसला. बरोबर बसला. तुम्ही दोघं अजून त्याच सुरात होतात.

प्रत्येक गाण्याच्या आधी चार फेरे नुसती काठ्यांची टकटक आहे. ज्याला ते धाडस म्हणतात. ते माझे चार फेरे. मी वाजवत गेलो, सहाच्या सहा गाणी, कोणी न शिकवता. तू कुठं वळणार ते बोटांना माहीत होतं. शेवटच्या गाण्यात चार फेरे संपले आणि तू सुरू झाला नाहीस. पाचवा फेरा. सहावा. तुझा श्वास ऐकू येतो, खुर्चीवर बसून गात होतास ना, खुर्ची करकरते. डिलेश्वर ठोकत राहतो. आठवा फेरा संपल्यावर तू सुरू करतोस. चार फेरे जास्त थांबलास. त्या चार फेऱ्यांत मी वाजवू शकलो नाही.

आभार मानू का? मानतो. आयुष्यात कोणी माझ्यासाठी एवढी जागा सोडली नाही. जी घेतली ती मी ओरबाडून घेतली, आणि ही तू न मागता ठेवलीस. ते मी कबूल करतो, आणि तरी दावा सोडत नाही. कारण पाथ मोकळी ठेवण्याचा नियम तुला मास्तरच्या घरात अर्धाच समजला. मुखिणीच्या पोराकडून पुरा ऐक. बाई आली नाही तर पाथ सोडण्याआधी एकीनं धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, चढायचं असतं आणि गावाकडं तोंड करून तिच्या नावानं तीनदा हाक मारायची असते. मग पाथ मोकळी ठेवायची. माझी माय तापात उठली ती पाथ मोकळी आहे म्हणून नाही, हाक ऐकली म्हणून. हाकेशिवाय ठेवलेली पाथ म्हणजे नुसती चुगली. तू पाथ ठेवलीस. हाक मारली नाहीस. चौदा किलोमीटर होतं रे, आणि तुझ्याकडे माइक होता.

मीही मारली नाही. बाजारात तुझा हात वर होता, मी वळलो. ते माझ्या खात्यावर, ते मी रोज शटर उघडताना भरीन.

पण एक तिसरा माणूस होता. डिलेश्वर, हे तू ऐकणार, तुला वाचून दाखवायला मी तुझ्या बायकोला सांगून ठेवलं आहे. खोमेशची हाडं दुखत होती, माझं डोकं दुखत होतं. तुझं काहीच दुखत नव्हतं. त्याच्या खाटेशी बसायचास आणि बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात पट्टा घ्यायला यायचास, दोघांची तोंडं बघायचास, आणि शपथ शपथ म्हणून गप्प राहायचास. शपथ दुखण्याची होती. मला हाक न मारायची शपथ त्यानं घातली होती का? मी मिलच्या मालकाशी बोललो आहे, दुपारच्या सुट्टीची खोली परत आपली आहे. येत्या बाजाराच्या दिवशी काठ्या घेऊन ये. माफी आणू नकोस, मला ती नको. पॅनलखाली माझ्यासमोर बस आणि तोंडानं सांग: तो सांगू शकत नव्हता, मी ऐकत नव्हतो, मग धुऱ्यावर चढायची पाळी कोणाची होती?